सरकारी वकील यशवंत विष्णु चंद्रचूड

१७ ऑगस्ट २०२५ हा दिवस कोल्हापूरच्या वकीलमंडळींनी सणासारखा साजरा केला. त्या दिवशी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते मुंबई हायकोर्टाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे उद्घाटन झाले, आणि दुसऱ्या दिवसापासून सी.पी.आर. रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत अपिलांचे काम सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांची प्रकरणे येथे चालावयाची असे ठरले. या एका मागणीसाठी या जिल्ह्यांतील वकिलांनी चार दशकांहून अधिक काळ सभा, मोर्चे आणि कामबंद आंदोलने केली होती.

करवीरकरांना हायकोर्ट हा शब्द मात्र नवीन नव्हता. संस्थानाच्या काळात, छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकीर्दीत, कोल्हापुरास स्वतःचे हायकोर्ट होते. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि त्यानंतर कोल्हापूरच्या पक्षकारास वरच्या न्यायासाठी सुमारे चारशे किलोमीटरांवरील मुंबईची वाट धरावी लागली. जमिनीचा तंटा असो, की मुलाला झालेली जन्मठेप असो, कागदांचे गाठोडे काखोटीस मारून रात्रीची गाडी पकडावयाची, आणि सकाळी किल्ल्यासारख्या दिसणाऱ्या त्या इमारतीच्या पायऱ्या चढावयाच्या, हा क्रम तीन पिढ्यांनी पाहिला.

तेथे पोहोचल्यावर त्या पक्षकाराची गाठ ज्या माणसाशी हमखास पडे, तो म्हणजे सरकारी वकील. न्यायमूर्तींची नावे लोकांच्या तोंडी असतात. नामांकित बॅरिस्टरांच्या उलटतपासण्यांच्या कथा चवीने सांगितल्या जातात. परंतु सरकारच्या बाजूने अपिले चालविणाऱ्या वकिलाचे काम फारसे कोणाच्या दृष्टीस पडत नाही. शिक्षा झालेला आरोपी, जमीन संपादन झालेला शेतकरी, बडतर्फ झालेला नोकर, या सर्वांच्या समोर सरकारतर्फे उभा राहणारा माणूस तोच. त्याने आपले काम कसे केले, यावर पुष्कळांचे आयुष्य अवलंबून असते. या पदावरून पुढे भारताच्या सर्वोच्च न्यायासनापर्यंत गेलेल्या एका मराठी वकिलाची कारकीर्द, कोल्हापुरात नवे न्यायपीठ बसले असताना, पाहण्याजोगी आहे. ते वकील म्हणजे यशवंत विष्णु चंद्रचूड.

त्यांच्याकडे वळण्यापूर्वी हे पद समजून घेतले पाहिजे. १८६२ साली मुंबईस हायकोर्ट स्थापन झाले, तेव्हा दोन जुनी न्यायालये एकत्र आली. शहरापुरते असलेले सुप्रीम कोर्ट हे एक, आणि मुलुखातील अपिले ऐकणारी सदर अदालत हे दुसरे. त्यामुळे नव्या हायकोर्टाच्या दोन शाखा पडल्या. मूळ शाखेत मुंबई शहरातील मोठे दावे प्रथमच दाखल होत. तेथे बॅरिस्टरांचे राज्य होते, आणि त्यांच्याकडे पक्षकाराने सॉलिसिटरमार्फत जावे लागे. अपील शाखेत जिल्ह्याजिल्ह्यांतून निकाल लागून आलेली प्रकरणे येत. तेथे वकील थेट पक्षकाराशी बोले. बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेस जावे लागे, व ते सर्वांना परवडणारे नव्हते. पुणे, सातारा, रत्नागिरी, बेळगाव या भागांतील मध्यमवर्गीय घरांतून आलेल्या हुशार तरुणांना अपील शाखा हेच मोठे क्षेत्र होते. साताऱ्याचे प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर याच शाखेत वकिली करून न्यायमूर्ति झाले, आणि १९६४ साली भारताचे सरन्यायाधीश झाले.

या अपील शाखेत सरकारची बाजू मांडणारा मुख्य अधिकारी म्हणजे ‘गव्हर्नमेंट प्लीडर’, अर्थात सरकारी वकील. अ‍ॅडव्होकेट-जनरल हा राज्याचा सर्वांत वरचा विधि-अधिकारी. त्याची नेमणूक राज्यघटनेप्रमाणे राज्यपाल करतात, आणि घटनेच्या अर्थाचे मोठे प्रश्न त्याच्याकडे जातात. परंतु रोजचा गाडा सरकारी वकिलाने ओढावयाचा. या पदाची परंपराही लहान नाही. नानाभाई हरिदास हे सरकारी वकील होते. १८८४ साली ते मुंबई हायकोर्टाचे पहिले कायम हिंदी न्यायमूर्ति झाले. त्यांच्यामागून हे काम पाहणारे रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलीक हे दापोलीजवळच्या मुरूडचे. १८८० साली ‘व्यवहारमयूख’ व ‘याज्ञवल्क्यस्मृति’ यांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध करून त्यांनी हिंदु कायद्याच्या अभ्यासात आपले नाव कायमचे नोंदविले. मंडलीकांचे मुरूड रत्नागिरी जिल्ह्यात आहे. म्हणजे त्यांच्या गावच्या अपिलांचा रस्ता आता कोल्हापुराकडे वळला आहे.

अशा परंपरेत चंद्रचूड आले. त्यांचा जन्म १२ जुलै १९२० रोजी पुण्यास झाला. नूतन मराठी विद्यालय, सर परशुरामभाऊ कॉलेज आणि इंडियन लॉ सोसायटीचे लॉ कॉलेज, या पुण्याच्याच तीन संस्थांत त्यांचे शिक्षण झाले. हे लॉ कॉलेज १९२४ साली निघाले. त्याचे पहिले प्राचार्य ज. र. घारपुरे हे स्वतः हिंदु धर्मशास्त्राच्या ग्रंथांचे संपादक आणि भाषांतरकार होते. विलायतेचे तोंड न पाहता उत्तम कायदेपंडित तयार होऊ शकतो, हे या कॉलेजाने दाखवून दिले. १९४३ साली चंद्रचूडांनी मुंबई हायकोर्टात वकिलीस आरंभ केला. १९४९ ते १९५२ या काळात ते मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात अर्धवेळ अध्यापक होते. सकाळी वर्गात शिकविलेले तत्त्व दुपारी कोर्टात कसे टिकते किंवा कोसळते, हे पाहण्याची संधी अशा अध्यापकास मिळते.

१९५२ साली ते सहायक सरकारी वकील झाले, आणि १९५८ साली मुख्य सरकारी वकील. वयाची अडतिशी गाठण्याच्या सुमारास एवढ्या मोठ्या राज्याची अपिले त्यांच्या हाती आली. त्या वेळचे मुंबई राज्य द्वैभाषिक होते. १९५६ च्या पुनर्रचनेनंतर कच्छ-सौराष्ट्रापासून विदर्भापर्यंतचा प्रदेश त्यात आला होता. १ मे १९६० रोजी त्याचे दोन भाग झाले. म्हणजे चंद्रचूडांनी एकाच पदावरून प्रथम मुंबई राज्याची आणि मग महाराष्ट्राची बाजू मांडली.

तो काळ सरकारी वकिलास विसावा देणारा नव्हता. स्वातंत्र्यानंतर कायद्यांचा ओघ सुरू झाला होता. १९४८ चा कूळकायदा आणि त्यातील पुढच्या दुरुस्त्या, इनामे व वतने रद्द करणारे कायदे, १९४९ चा दारूबंदीचा कायदा, या प्रत्येकाने हजारो घरांच्या व्यवहारास हात घातला. जमीनदार म्हणे, माझी जमीन गेली. कूळ म्हणे, मला ती मिळालीच पाहिजे. आणि दोघांच्या मधे सरकारने केलेल्या कायद्याचा अर्थ लावावा लागे. शिवाय २६ जानेवारी १९५० पासून नवी राज्यघटना अंमलात आली होती. तिच्यामुळे सरकारचा कोणताही हुकूम मूलभूत हक्कांच्या कसोटीवर घासून पाहण्याचा अधिकार नागरिकास मिळाला. पूर्वीच्या सरकारी वकिलास कायदा काय म्हणतो एवढेच सांगावे लागे; नव्यास तो कायदा घटनेत बसतो की नाही, हेही सांगावे लागू लागले.

फौजदारी बाजूचे ओझे त्याहून जड. सेशन्स कोर्टाने फाशीची शिक्षा दिली, तरी हायकोर्टाने ती कायम केल्याखेरीज अंमलात आणता येत नाही. अशा प्रकरणात आरोपी गरीब असो वा श्रीमंत, हायकोर्टाने सगळा पुरावा नव्याने वाचावयाचा असतो, आणि तो वाचताना न्यायमूर्तींना साह्य करण्याचे काम सरकारी वकिलाचे. साक्षीतील विसंगती त्याने लपविली, तर एक माणूस दोराला लटकतो. म्हणून या पदाचा जुना दंडक असा आहे की, सरकारी वकिलाने आरोपीस अनुकूल असलेला पुरावाही कोर्टापुढे ठेवावा. त्याची फी सरकार देते, परंतु तो कोर्टाचाही अधिकारी असतो. खाजगी वकिलास अशिलाचा विजय हे ध्येय ठेवता येते. सरकारी वकिलाचे अशील म्हणजे सारी जनता, आणि त्या जनतेत समोरचा आरोपीही मोडतो. हा दंडक सांगावयास सोपा. पाळावयास फार कठीण.

चंद्रचूडांच्या कारकीर्दीत या पदाची कसोटी पाहणारे प्रकरण आले ते नानावटी खटल्याचे. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातील अधिकारी कवास माणेकशा नानावटी यांनी मुंबईत प्रेम आहुजा या व्यापाऱ्यास त्याच्या घरी जाऊन पिस्तुलाने ठार केले. आपल्या पत्नीचे आहुजाशी संबंध आहेत, हे नानावटींना त्याच दिवशी दुपारी पत्नीच्याच तोंडून कळले होते. त्यानंतर त्यांनी पत्नीस व मुलांना सिनेमागृहात पोहोचविले, आपल्या जहाजावर जाऊन खोटे कारण सांगून पिस्तूल व सहा काडतुसे घेतली, आहुजाच्या कचेरीत चौकशी केली, तेथे तो नाही असे पाहून त्याचे घर गाठले, आणि नंतर स्वतःच पोलिसांच्या स्वाधीन झाले. झटापटीत पिस्तूल आपोआप उडाले, असा त्यांचा बचाव होता.

सेशन्स कोर्टात हा खटला नऊ जणांच्या ज्यूरीपुढे चालला. ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी नानावटी निर्दोष असल्याचे सांगितले. न्यायाधीश रतिलाल भाईचंद मेहता यांना हा निर्णय पुराव्याशी विसंगत वाटला, आणि त्या वेळच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३०७ व्या कलमान्वये त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठविले. येथून पुढे ते सरकारी वकील चंद्रचूड यांच्या हाती आले.

त्या वेळचे शहराचे वातावरण कसे होते, याची कल्पना आज येणे कठीण. नानावटी हे देखणे, गणवेशातील, देशसेवेत असलेले अधिकारी. त्यांच्यावर झालेल्या अन्यायाची कहाणी घराघरांत पोहोचली होती. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने त्यांची बाजू उचलून धरली होती. निर्दोष ठरविले तेव्हा लोकांनी जल्लोष केला. अशा वेळी हायकोर्टात उभे राहून, हा माणूस कायद्याने खुनी आहे, असे म्हणणे लोकप्रियतेच्या दृष्टीने तोट्याचेच होते. शिवाय ज्यूरी म्हणजे जनतेचे प्रतिनिधी, अशी समजूत रुजलेली. जनतेने सोडलेल्या माणसास जनतेच्याच नावाने शिक्षा मागावयाची, असा हा विलक्षण प्रसंग होता.

परंतु कायद्याचे प्रश्न भावनेहून वेगळे होते. पहिला प्रश्न असा की, ‘अपघात’ हा बचाव घेतला तर तो सिद्ध करण्याचा भार कोणावर? पुराव्याच्या कायद्याप्रमाणे हा भार आरोपीवर येतो. आणि न्यायाधीशाने ज्यूरीस हे नीट समजावून दिले नसेल, तर ज्यूरीचा निर्णय वाट चुकलेला ठरतो. दुसरा प्रश्न, ‘गंभीर व आकस्मिक प्रक्षोभ’ म्हणजे काय? रागाच्या भरात हातून घडलेले कृत्य आणि तीन तासांनंतर पिस्तूल मिळवून केलेले कृत्य यांत कायदा भेद करतो. पत्नीचे शब्द ऐकल्यापासून गोळ्या झाडल्या जाईपर्यंत सिनेमागृह, जहाज आणि कचेरी असे तीन टप्पे झाले होते. तेवढ्यात माणसाचे मन थंड होण्यास अवसर मिळाला होता की नाही, हाच खरा मुद्दा होता.

न्यायमूर्ति शेलत आणि न्यायमूर्ति नाईक यांच्यापुढे सुनावणी झाली. ११ मार्च १९६० रोजी दोघांनीही नानावटींना खुनाबद्दल दोषी ठरवून जन्मठेप दिली. न्यायमूर्ति शेलत यांच्या मते ज्यूरीस चुकीचे मार्गदर्शन झाले होते, आणि पुरावा नव्याने तपासता आरोपीचा गुन्हा स्पष्ट होता. न्यायमूर्ति नाईक यांनी मुख्य भर दुसऱ्या कारणावर दिला: कोणतीही समंजस ज्यूरी या निष्कर्षास येऊच शकली नसती. सुप्रीम कोर्टाने २४ नोव्हेंबर १९६१ रोजी हाच निकाल कायम केला. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीस जागाच उरली नाही.

या प्रकरणातील सर्वांत विचार करावयास लावणारी गोष्ट मात्र हायकोर्टाच्या बाहेर घडली. ज्या दिवशी सरकारी वकिलाच्या युक्तिवादावर हायकोर्टाने शिक्षा सुनावली, त्याच दिवशी राज्यपालांनी, सुप्रीम कोर्टातील अपिलाचा निकाल लागेपर्यंत ती शिक्षा स्थगित केली, आणि नानावटींना नौदलाच्या ताब्यात राहण्याची मुभा दिली. एकाच सरकारच्या एका हाताने शिक्षा मागितली, आणि दुसऱ्या हाताने ती थांबविली. हा अधिकार राज्यपालांना आहे काय, हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. सप्टेंबर १९६० मध्ये त्या कोर्टाने ठरविले की, प्रकरण आपल्यापुढे विचाराधीन असण्याच्या काळापुरता राज्यपालांचा तो अधिकार चालणार नाही. अखेर १९६४ साली नानावटींना माफी मिळाली. कोर्टाने कायदा सांगितला, आणि दयेचा अधिकार ज्याच्याकडे होता त्याने दया केली. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी राहिल्या. सरकारच्या मनात काय चालले आहे याचा अंदाज घेऊन सरकारी वकिलाने आपली बाजू सैल सोडली असती, तर ही व्यवस्थाच मोडली असती.

या निकालानंतर वर्षभराने, १९ मार्च १९६१ रोजी, चंद्रचूड मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ति झाले. नानाभाई हरिदासांपासून चालत आलेली वाट त्यांनीही चालून दाखविली. २८ ऑगस्ट १९७२ रोजी ते सुप्रीम कोर्टात गेले. येथवरची कारकीर्द एखाद्या उत्तम विद्यार्थ्याच्या प्रगतिपुस्तकासारखी सरळ चढत जाते. त्यापुढे मात्र अशी एक नोंद आहे की, जी वगळून त्यांचे चरित्र सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

२५ जून १९७५ रोजी रात्री देशात आणीबाणी पुकारण्यात आली. हजारो माणसे ‘मिसा’ कायद्याखाली खटल्याशिवाय तुरुंगात गेली. २७ जूनच्या राष्ट्रपतींच्या हुकुमाने, जीवित व स्वातंत्र्याच्या हक्कासाठी कोर्टात जाण्याचा मार्ग बंद करण्यात आला. तरीसुद्धा स्थानबद्धांनी निरनिराळ्या हायकोर्टांत अर्ज केले, आणि नऊ हायकोर्टांनी असे ठरविले की, निदान स्थानबद्धतेचा हुकूम कायद्याला धरून आहे की नाही, एवढे तरी आम्ही पाहू शकतो. मुंबई हायकोर्ट या नऊंपैकी एक होते. या निकालांविरुद्ध सरकारने सुप्रीम कोर्टात अपील केले. हेच ते जबलपूरचे प्रकरण.

पाच न्यायमूर्ति बसले: सरन्यायाधीश अजितनाथ रे, हंसराज खन्ना, मिर्झा हमीदुल्ला बेग, चंद्रचूड आणि प्रफुल्लचंद्र भगवती. सरकारतर्फे अ‍ॅटर्नी-जनरल नीरेन डे उभे होते. न्यायमूर्ति खन्नांनी त्यांना विचारले की, एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून कोणाचा जीव घेतला, तर तरी काही उपाय आहे की नाही? आणीबाणी चालू आहे तोवर नाही, असे उत्तर डे यांना द्यावे लागले. सरकारच्या म्हणण्याचा अर्थ शेवटी कोठे जातो, हे त्या उत्तराने उघड केले. एवढे ऐकल्यावर न्यायासनाने काय करावयाचे, एवढाच प्रश्न उरला. २८ एप्रिल १९७६ रोजी चार न्यायमूर्तींनी सरकारची बाजू मान्य केली. एकट्या खन्नांनी विरोधी निकाल लिहिला, आणि पुढे १९७७ साली सेवाज्येष्ठता डावलली जाण्याची किंमत मोजली. सरकारच्या बाजूने गेलेल्या चार न्यायमूर्तींत चंद्रचूड होते.

हा निकाल त्यांच्या स्वभावाशी विसंगत होता काय, हे सांगणे सोपे नाही. अवघ्या सहा महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर १९७५ मध्ये, पंतप्रधानांच्या निवडणुकीस कोर्टाच्या कक्षेबाहेर ठेवणारी घटनादुरुस्ती रद्द करणाऱ्यांत तेही होते. म्हणजे सरकारच्या विरुद्ध निकाल देण्याची त्यांची ताकद नव्हती असे नाही. तरीही १९६० चा सरकारी वकील आणि १९७६ चा न्यायमूर्ति यांना शेजारी उभे करून पाहिले, म्हणजे एक फरक लक्षात येतो. नानावटी खटल्यात लोकमत विरुद्ध होते, परंतु कायदा आणि सरकारी खुर्ची दोन्ही वकिलाच्या पाठीशी होत्या. जबलपूर प्रकरणात सरकार एका बाजूस होते, आणि दुसऱ्या बाजूस होती तुरुंगातील माणसे व नऊ हायकोर्टांचे निकाल. गर्दीच्या विरुद्ध उभे राहण्यास जे धैर्य लागते, त्याहून निराळे धैर्य सत्तेच्या विरुद्ध एकट्याने उभे राहण्यास लागते. एक आहे म्हणून दुसरे असेलच असे नाही, हे या कारकीर्दीतून दिसते.

या प्रकरणाचा पुढील इतिहासही बोधप्रद आहे. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने, जीवित व स्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही निलंबित करता येणार नाही, अशी सोय झाली. २२ फेब्रुवारी १९७८ रोजी चंद्रचूड सरन्यायाधीश झाले. त्या पदावर आल्यावर आपल्या या निकालाविषयीची खंत त्यांनी जाहीरपणे बोलून दाखविली. १९८० साली मिनर्व्हा मिल्सच्या प्रकरणात, संसदेस घटना बदलण्याचा अमर्याद अधिकार देणारे कलम त्यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने रद्द केले. १० जुलै १९८५ रोजी, निवृत्तीच्या आदल्या दिवशी, त्यांनी मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांच्या प्रकरणाचा निकाल दिला. जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, असे त्यात सांगितले; पदपथ मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकार मान्य केला, पण पावसाळा संपेपर्यंत झोपड्या हलवू नयेत असेही बजाविले. सात वर्षांहून अधिक काळ ते सरन्यायाधीश होते. एवढा दीर्घ काळ ते पद दुसऱ्या कोणासही लाभलेले नाही. १४ जुलै २००८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

जबलपूरच्या निकालावर शेवटचा पडदा पडला तो २४ ऑगस्ट २०१७ रोजी. खाजगीपणाच्या हक्कासंबंधीच्या प्रकरणात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकाल गंभीरपणे सदोष असल्याचे सांगून मोडीत काढला. चार न्यायमूर्तींच्या वतीने तो मुख्य निकाल लिहिणारे होते धनंजय यशवंत चंद्रचूड, म्हणजे यशवंतरावांचेच चिरंजीव, जे पुढे २०२२ ते २०२४ या काळात स्वतः सरन्यायाधीश झाले. वडिलांच्या निकालावर मुलाने लेखणी फिरविली, असे नाट्य म्हणून हा प्रसंग सांगितला जातो. परंतु न्यायसंस्थेच्या दृष्टीने त्याचा अर्थ साधा आहे. अपील म्हणजे झालेल्या निर्णयाची पुन्हा तपासणी. आणि ही तपासणी करताना निर्णय कोणाचा, हे पाहावयाचे नसते. पुण्याच्या कॉलेजात आणि मुंबईच्या अपील शाखेत यशवंतरावांनी जन्मभर जे शिकले व शिकविले, त्याच नियमाने त्यांचा स्वतःचा निकाल तपासला गेला.

आता ही तपासणी कोल्हापुरातही होत आहे. शाहूवाडीचा शेतकरी, सांगोल्याची विधवा, सावंतवाडीचा निवृत्त नोकर यांना रात्रीची गाडी न पकडता आपले अपील ऐकता येईल, ही सोय मोठी. परंतु अंतर कमी झाल्याने न्यायाचा दर्जा आपोआप वाढतो असे नाही. तो वाढावयाचा तर, समोर सरकारतर्फे उभा असलेला वकील प्रकरणाचे कागद शेवटच्या पानापर्यंत वाचून आलेला पाहिजे. सरकारच्या हुकुमात दोष असेल, तर तो न्यायमूर्तींनी शोधून काढण्याची वाट न पाहता त्याने स्वतः सांगितला पाहिजे. आणि लोक ओरडत असले तरी कायद्याची बाजू त्याने सोडता कामा नये. या वकिलांपैकी काही जण उद्या न्यायासनावरही बसतील. त्या दिवशी त्यांच्यापुढे सरकार अपील घेऊन येईल, आणि तेव्हा आपल्या जुन्या अशिलाकडे परक्याच्या नजरेने त्यांना पाहता आले पाहिजे. यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी १९६० साली यांतील पहिली गोष्ट उत्तम करून दाखविली; दुसरी किती अवघड आहे, हे १९७६ साली त्यांच्यासारख्या बुद्धिमान पुरुषाच्या हातूनही दिसून आले.